बडोद्याला गाणं शिकायला येतोयस ना?

सूरसागर तलावाजवळच्या आपल्या कॉलेजचा धाक घेऊ नकोस. त्याचं मूळ गायक मौलाबक्षांच्या १८८६ सालच्या गायनशाळेत आहे खरं, पण पहाटेचा रियाज तुझा तुलाच करायचाय. रेकॉर्डिंगचा हात मात्र पहिल्याच वर्षी बसव. महागडा माइक राहू दे, आधी खोलीचा घुमारा मार. भिंतींवर जाड गोधड्या टांग (आजीच्या दोन माझ्याकडून अजून परत जायच्यात). आवाज २४ बिटमध्ये घे आणि चढी तानसुद्धा उणे १० डेसिबलच्या खालीच ठेव. फाटलेला सूर नंतर शिवता येत नाही. तंबोरा वेगळ्या ट्रॅकवर. आणि सूर आपोआप सरळ करणाऱ्या ऑटोट्यूनला हात लावण्याआधी दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे हेलकावणारा, गांधार त्यातून एकदा काढून बघ. सरळसोट पट्टी होते रे त्याची!