काकांना पायथन दिसायलाच नको

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकांची जुनी टाइप केलेली कार्डं आहेत, ती स्कॅन करून मजकूर एक्सेलमध्ये भरणारा छोटा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिला. माझ्या मशीनवर विंडोजऐवजी उबुंटू आहे, तिथे झकास चालतो. वाचनालयातल्या काकांच्या विंडोजवर मात्र फोनवरून सांगून सांगून पायथन टाकायला लावलं, मग लायब्ररी उतरवायला त्या काळ्या खिडकीत पिप इन्स्टॉल, तर लाल अक्षरांचा सडा आणि शेवटी व्हिज्युअल सी प्लस प्लस १४ पाहिजे म्हणे. ते टाकायला गेलो तर डाऊनलोडच काही जीबीचं. काका म्हणाले, राहू दे बाळा, मी हातानेच लिहितो. सोबत रिक्वायरमेंट्सची फाइल, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींची यादी, जोडलीय. आता काय करू?

उत्तर : अरे, पाहुण्याला जेवायला बोलावलंस, हातात गहू दिलेस आणि वर जातं तुम्हीच आणा म्हणालास, दुसरं काय होणार!

तुझी फाइल बघितली. तक्ते हाताळणारी पांडाज लायब्ररी, तिची आवृत्ती २.०.३ असं पक्कं बांधून ठेवलंयस. ते २०२३ चं आहे आणि त्याच्या पोटात सी भाषेतून कंपाइल केलेला, म्हणजे मशीनला थेट चालवता येईल असा दळून दिलेला, बराच माल असतो. तो आधीच कंपाइल करून डबाबंद दिलेला असतो त्याला व्हील म्हणतात, आणि डब्याच्या नावातच लिहिलेलं असतं की हा कुठल्या पायथनसाठी, कुठल्या विंडोजसाठी. २.०.३ चे डबे पायथन ३.११ पर्यंतचेच आहेत. काकांनी साहजिकच साइटवर सगळ्यात वर दिसलं ते नवंकोरं पायथन घेतलं असणार, मग पिपला जुळणारा डबा सापडला नाही आणि ते बिचारं काकांच्या मशीनवर दळायला बसलं, आणि त्याला लागणारं जातं म्हणजेच ते व्हिज्युअल सी प्लस प्लस. (आमच्या वेळी हे डबे पण नव्हते, ख्रिस्तोफ गोल्के नावाचे एक संशोधक अमेरिकेतल्या विद्यापीठातून विंडोजसाठी सगळं कंपाइल करून एका पानावर ठेवायचे आणि अख्खी दुनिया तिथून उचलायची.)

आवृत्ती बदललीस की ही एरर जाईल, पण लगेच दुसरी येईल. तू पायटेसरॅक्ट वापरतोयस, आणि पायटेसरॅक्ट म्हणजे नुसता निरोप्या आहे, अक्षरं वाचणारं टेसरॅक्ट हा वेगळाच प्रोग्राम, १९८५ पासूनचा, सी प्लस प्लसमधला, तो पिपने येतच नाही. तुझ्याकडे कधीतरी उबुंटूच्या ॲप्ट या इन्स्टॉल करायच्या कमांडने टाकलेला असणार आणि तू विसरलास. मराठी अक्षरं ओळखायला शिकवणारी ट्रेन्डडेटा फाइल पण वेगळी, ती नसेल तर देवनागरी वाचणार कसं?

म्हणून काकांच्या मशीनवर काहीही इन्स्टॉल करायला लावू नकोस, सगळं तुझ्याकडे बांध आणि एकच सेटअप फाइल दे. पायइन्स्टॉलर घे. तो कंपाइल करत नाही, पायथनसकट सगळ्या लायब्ररी गोळा करून बोचकं बांधतो. पण विंडोजचं बोचकं विंडोजवरच बांधावं लागतं, उबुंटूवर बसून होणार नाही, मित्राचा लॅपटॉप माग. एकच एक्सई फाइल करायचा मोह होईल, करू नकोस, ती दर वेळी उघडताना सगळं टेम्प नावाच्या तात्पुरत्या फोल्डरात सोडवत बसते म्हणून सुरू व्हायला वेळ लागतो आणि अँटीव्हायरस पण तिच्यावर जास्त डोळे वटारतो. फोल्डरवाला प्रकारच घे. त्याच फोल्डरात टेसरॅक्टची एक्सई, तिच्या सगळ्या डीएलएल (तिला चालायला लागणाऱ्या जोडफाइली) आणि मराठीची फाइल ठेव, आणि कोडमध्ये टेसरॅक्टचा पत्ता तुझ्या प्रोग्रामच्या जागेवरून काढ, सी ड्राइव्हचा पक्का पत्ता लिहू नकोस. लायसन्सची फाइलही सोबत राहू दे.

मग तो फोल्डर इनो सेटअपमध्ये घाल, तो त्याची एकच सेटअप फाइल करून देतो, फुकट आहे, १९९७ पासून चालू आहे. त्यात ॲडमिनचे हक्क लागणार नाहीत अशी सोय कर, कारण वाचनालयाच्या मशीनचा पासवर्ड कुणाला आठवतोय, सांग! डेस्कटॉपवर आयकॉन येऊ दे, त्याला "कार्ड वाचा" असलं सरळ नाव दे. आणि काकांनी विंडोजमध्ये आपलं नाव मराठीत टाकलं असेल तर फोल्डरच्या पत्त्यात देवनागरी येते, तिथे टेसरॅक्ट अडखळू शकतं, ते आधी तपासून घे.

तपासायचं ते तुझ्या मशीनवर नाही. ज्या मशीनवर पायथन कधी गेलंच नाही असं एखादं शोध, आत्याचा लॅपटॉप चालेल, कारण राहिलेली डीएलएल तिथेच रडते.

राहिली ती निळी पाटी, "विंडोजने तुमचा पीसी वाचवला" वगैरे. बनवणाऱ्याची डिजिटल सही नसलेली फाइल नेटवरून उतरवून चालवली की ती येते. सही करायचं सर्टिफिकेट विकत मिळतं पण एका वाचनालयासाठी तो खर्च कशाला, पेन ड्राइव्हवर घेऊन स्वतःच जा, बहुतेक ती येणारच नाही, आलीच तर "मोअर इन्फो" दाबून "रन एनीवे". जाशील तेव्हा काकांच्याच हाताने दहा कार्डं करवून घे आणि तू माऊसला हात लावू नकोस.