लेटेकमध्ये मॅक्रो कशाने लिहावा: डेफ, न्यूकमांड की न्यूडॉक्युमेंटकमांड?

लेटेक ही मजकूर जुळवणारी प्रणाली, आणि मॅक्रो म्हणजे तिच्यात आपण स्वतः बनवलेली आज्ञा. इकडून तिकडून जमवलेल्या प्रिएंबलमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या मांडणीच्या भागात, मॅक्रो बनवायचे हे तिन्ही प्रकार आहेत, छापून येतं ते सारखंच, मग प्रबंधासाठी कुठला धरायचा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: साध्या चिन्हांसाठी न्यूकमांड, आर्ग्युमेंटची, म्हणजे मॅक्रोला पुरवायच्या मजकुराची, गुंतागुंत असेल तर न्यूडॉक्युमेंटकमांड. डेफ शक्यतो नको.

डेफ ही मूळ टेकची, म्हणजे लेटेक जिच्यावर उभं आहे त्या डोनाल्ड कनुथ यांच्या प्रणालीतली आज्ञा. ती नाव आधी कुणाचं होतं का हे बघतच नाही, सरळ पुसून नवीन लिहिते. रेषीय बीजगणित लिहिणारे हमखास 'स्पॅन' नावाचा मॅक्रो डेफने करतात. पण स्पॅन ही टेकचीच मूलभूत आज्ञा आहे आणि तक्त्यात रकाने जोडणारं मल्टिकॉलम तिच्यावर चालतं. चार प्रकरणांनंतर एखादा तक्ता मोडतो, आणि एररमध्ये तुमच्या त्या ओळीचा उल्लेखही नसतो. एका अक्षराची नावंही अशीच. डी म्हणजे अक्षराखालचं टिंब, सी म्हणजे सेडिला, अक्षराखालची शेपटी. डी हे नाव अवकलनासाठी घेतलंत, तर संदर्भसूचीतल्या नावांची टिंबं बिघडतात. न्यूकमांड अशा वेळी जागच्या जागी थांबतं आणि नाव आधीच घेतलेलं आहे असं सांगतं.

तो एरर आला की लगेच न्यूचं रिन्यू करून मोकळं होऊ नका, कृपया. जुनी व्याख्या कुठून आली हे कळलं असेल तरच रिन्यूकमांड, म्हणजे जुनी व्याख्या बदलणारी आज्ञा. एरवी आपलं नाव बदला. प्रोव्हाइडकमांड नाव आधी असेल तर गुपचूप जुनंच ठेवतं, म्हणून प्रबंधात मी ते टाळतो.

न्यूकमांडला पर्यायी (दिलं नाही तरी चालेल असं) आर्ग्युमेंट एकच देता येतं, तेही पहिलंच. न्यूडॉक्युमेंटकमांडमध्ये ती अनेक असू शकतात, कुठेही असू शकतात, नावापुढे तारा लावलेलं वेगळं, तारांकित रूप मिळतं, आणि पर्यायी आर्ग्युमेंट दिलंय की नाही हे तपासता येतं. शिवाय असा मॅक्रो शीर्षकातून अनुक्रमणिकेत जातानाही फुटत नाही. ऑक्टोबर 2020 पासून हे लेटेकच्या गाभ्यातच आहे, त्यामुळे त्यासाठी आधी लागणारं एक्सपार्स पॅकेज वेगळं घ्यावं लागत नाही. नऊ आर्ग्युमेंटांची मर्यादा मात्र दोन्हीकडे तीच.

एक बारीक गोष्ट, पण फार उपयोगाची. साध्या न्यूकमांडच्या आर्ग्युमेंटमध्ये परिच्छेद बदललेला चालतो. त्यामुळे बंद करायचा महिरपी कंस विसरलात तर टेक पार फाइलच्या शेवटापर्यंत वाचत जाऊ शकतं. न्यूकमांडला तारा लावला की तीच चूक परिच्छेद संपताच पकडली जाते. न्यूडॉक्युमेंटकमांड मुळातच असं कडक आहे. परिच्छेद हवे असतील तर व्याख्येत त्या आर्ग्युमेंटचा प्रकार सांगणाऱ्या अक्षराआधी अधिकचं चिन्ह द्यायचं.

मग डेफ कधी? आर्ग्युमेंटं कंसांऐवजी मधल्या खुणेवरून तोडायची असतील तेव्हा, म्हणजे आडव्या रेघांनी जोडलेल्या तारखेतून दिवस, महिना, वर्ष वेगळे काढायचे असतील तर. न्यूकमांडला ते जमत नाही. तेव्हाही मी आधी त्या नावाचा रिकामा न्यूकमांड लिहितो आणि खालच्या ओळीत डेफ. नाव कुणाचं असेल तर पहिल्याच ओळीवर कळतं.