वाचकांचे प्रश्न : व्हिटबीच्या बंदरातील पबफेरी

प्रश्न : आम्ही चार जोडपी येत्या जूनमध्ये लीड्सहून व्हिटबीला जाणार आहोत. आमच्यापैकी दोघांनी एका संध्याकाळी दहा पब पायी फिरण्याचा बेत आखला आहे. दोन वहिनी मद्य घेत नाहीत. दहा पब जमतील का, कोणत्या क्रमाने जावे आणि न पिणाऱ्यांची संध्याकाळ वाया तर जाणार नाही ना?
— एक वाचक, लीड्स

उत्तर : अंतराचाच विचार केला तर दहा पब सहज जमतील, कारण व्हिटबी हे इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातले, उत्तर समुद्राकाठचे लहान गाव आहे आणि बंदराभोवतीचे पब एकमेकांपासून चार-पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत. तरीही आपण दहाचा आकडा सोडून द्यावा आणि चार पब ठरवावेत, असे मी मनापासून सांगेन. पब क्रॉल, म्हणजे एका फेरीत एकामागून एक पब फिरणे, ही पेल्यांची मोजदाद आहे, हा समज आपल्याकडून येणाऱ्या अनेक मंडळींचा असतो. माझ्या मते ती बंदराची पायी केलेली प्रदक्षिणा आहे आणि पब हे तिच्यातले विसाव्याचे थांबे आहेत. हे एकदा मान्य केले, की आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

प्रथम गावाची रचना ध्यानात घ्यावी. एस्क नदी उत्तरेकडे वाहत येऊन येथे समुद्राला मिळते आणि गावाचे दोन भाग करते. पश्चिमेला रेल्वे स्थानक, मासळीचा धक्का आणि हॉटेले आहेत, तर पूर्वेला जुने गाव, चर्च स्ट्रीट नावाची दगडी फरसबंदीची अरुंद गल्ली आणि तिच्या टोकाला टेकडीवरच्या सेंट मेरी चर्चकडे व ॲबीच्या, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाच्या, भग्नावशेषांकडे नेणाऱ्या १९९ पायऱ्या आहेत. या दोन्ही भागांना जोडणारा, बोटींसाठी बाजूला वळणारा पूल विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. भरतीच्या आधी व नंतर सुमारे दोन-दोन तास तो गरजेप्रमाणे बोटींसाठी उघडतो, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाची भरतीची वेळ पाहून ठेवावी. पूल उघडला म्हणजे खोळंबा झाला, असे मात्र मानू नये. इशारा होतो, फाटके लागतात, रस्त्याचा एक अख्खा तुकडा सावकाश वळून बाजूला जातो आणि एखादी मासेमारी बोट इतक्या जवळून पुढे सरकते, की तिच्या डेकवर रचलेले खेकड्यांचे सापळे आपल्याला मोजता येतात. ही दहा मिनिटे संध्याकाळच्या हिशेबात मुद्दाम धरावीत.

आता क्रम. पायऱ्या आधी आणि पेला नंतर, हा नियम मी अनुभवातून शिकलो आहे. पहिल्या वर्षी आम्ही सहकारी मिळून गेलो, प्रत्येक पबमध्ये पूर्ण पाइंट घेतला आणि ॲबीमागचे आकाश पाहायचे म्हणून अंधार पडता पडता वर चढलो. उतरताना भुरभुर पाऊस सुरू झाला, झिजलेल्या दगडावरून आमच्यातल्या एकाचा पाय सरकला आणि घोटा मुरगळला. मधल्या सपाट टप्प्यावरच्या बाकावर आम्ही त्याला घेऊन तासभर बसलो. पूर्वी शवपेटी खांद्यावरून वर नेणाऱ्यांना ती क्षणभर टेकवता यावी, म्हणून असे टप्पे ठेवलेले आहेत, हे मला त्याच रात्री एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले. म्हणून आपण दुपारीच वर जाऊन यावे, ॲबी बंद होण्याआधी पाहावी आणि तोंड कोरडे असतानाच खाली उतरावे.

पायऱ्यांच्या तळाशीच ड्यूक ऑफ यॉर्क हा पब आहे. त्याच्या खिडक्यांतून सारे बंदर दिसते, त्यामुळे चढउतारानंतरचा पहिला थांबा तेथे घ्यावा. तेथून चर्च स्ट्रीटने पुलाच्या दिशेने चालू लागले, की ब्लॅक हॉर्स लागतो. जुनी लाकडी दर्शनी बाजू, लहान लहान खोल्या आणि विक्रीला ठेवलेली तपकीर यांमुळे तो वेगळा वाटतो. आठ जणांनी एकदम आत शिरू नये, दोन-दोन करून जावे. तिसरा थांबा पुलाच्या अलीकडचा डॉल्फिन आणि चौथा, पूल ओलांडल्यावर, रेल्वे स्थानकासमोरचा स्टेशन इन. येथे हातपंपाची एल, म्हणजे पारंपरिक इंग्लिश बिअर, चांगली मिळते. डॉल्फिनकडे जाताना ग्रेप लेन चुकवू नये. १७४६ साली, पुढे दर्यावर्दी म्हणून गाजलेला जेम्स कुक ज्या जहाजमालकाकडे उमेदवारी करण्यासाठी आला, त्याचे घर या गल्लीत आहे आणि तेथे आता कुकच्या नावाचे संग्रहालय आहे. पुढे ज्या ‘एन्डेव्हर’मधून तो प्रशांत महासागरात गेला, ते जहाजही १७६४ साली याच बंदरात, कोळसा वाहण्यासाठी बांधले गेले होते.

प्रत्येक ठिकाणी अर्धा पाइंट मागावा. पूर्ण पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो. चार टक्के मद्यार्काच्या एका पाइंटमध्ये सुमारे २.३ युनिट मद्य होते (एक युनिट म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध मद्यार्क) आणि शरीराला एक युनिट निकालात काढायला साधारण एक तास लागतो. चार अर्ध्यांचे साडेचार युनिट होतात, चार पूर्णांचे नऊ, आणि ब्रिटनच्या आरोग्य सल्लागारांनी सांगितलेली मर्यादा आठवड्याला १४ आहे. अर्धा मागण्यात कमीपणा आहे, ही समजूत आपल्या पुरुषमंडळींनी मनातून काढावी. ज्यांना चार निरनिराळ्या एलची चव घ्यायची असते, ते जाणकारही अर्धाच घेतात. शिवाय या एलकडे लक्ष देण्यासारखे बरेच असते. तळघरातल्या पिंपात ती अखेरपर्यंत आंबत असते, बारा-तेरा अंशांवर ठेवलेली असते आणि बाहेरच्या वायूच्या दाबाऐवजी हातपंपाने ओढून वर आणली जाते. यॉर्कशरमध्ये नळाच्या तोंडाला बारीक छिद्रांची टोपी लावतात, त्यामुळे पेल्यात आधी दुधाळ ढग भरल्यासारखा दिसतो आणि मग तळापासून वर तांबूस रंग निवळत जातो, फक्त वरचा घट्ट पांढरा फेस राहतो. तो निवळेपर्यंत थांबावे. थंडगार बिअरची सवय असलेल्याला पहिला घोट कोमट वाटेल, पण दुसऱ्या-तिसऱ्या घोटात धान्याची चव कळू लागते.

गोत्यात आणणारी गोष्ट राउंडची आहे. एकाने सर्वांसाठी आणायचे आणि मग पाळीपाळीने प्रत्येकाने, अशी ही पद्धत असते. आठ जणांचा एक राउंड केला, की प्रत्येकाची पाळी येईपर्यंत आठ पेले होतात आणि मधेच थांबणाऱ्याला ओशाळल्यासारखे होते. आमच्या घोट्याच्या प्रसंगाचे मूळही यातच होते. आपण दोघा-दोघांचे गट करावेत किंवा घरून निघतानाच सामाईक पैसे काढून एकाकडे द्यावेत. टेबलावर कोणी विचारायला येईल म्हणून बसून राहू नये. काउंटरवर स्वतः जाऊन मागावे, आपल्या आधी कोण आले आहे ते लक्षात ठेवावे आणि त्यांना पुढे जाऊ द्यावे. नोट हलवून लक्ष वेधणे तेथे अप्रशस्त मानतात.

वहिनींविषयी आपण विचारले, याचा मला आनंद झाला. परमिट रूमच्या धास्तीने आपल्याकडच्या अनेक स्त्रिया पबचा उंबरठा ओलांडत नाहीत, पण व्हिटबीचे पब ही गावाची बैठकीची खोलीच आहे. आजीबाई तेथे शब्दकोडे सोडवत बसलेल्या असतात आणि टेबलाखाली कुत्री झोपलेली असतात. लाइम-सोडा, जिंजर बिअर किंवा मद्यविरहित बिअर मागितली, तर कोणी भुवई उंचावत नाही. मद्य विकणाऱ्या ठिकाणी नळाचे पिण्याचे पाणी मागितल्यास ते विनामूल्य देणे इंग्लंडमध्ये कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा पिणाऱ्यांनीही प्रत्येक थांब्यावर एक पेला पाणी घ्यावे. मात्र न पिणाऱ्या वहिनींना गाडी चालवण्यासाठी गृहीत धरू नये. ती त्यांचीही सुटी आहे. लीड्सकडे जाणारी शेवटची बस आपली संध्याकाळ संपायच्या आतच सुटते, म्हणून रात्रीचा मुक्काम तेथेच करावा.

प्रश्न : मी शाकाहारी आहे, पण बिअर घेतो. मुलीकडे मिडल्सब्रोला आलो असताना जावई एस्क खोऱ्यातल्या रेल्वेने व्हिटबीला नेणार आहेत. अशा फेरीत मी काय खावे-प्यावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण आधीच विचारलेत, हे फार बरे केलेत, कारण येथे दोन गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. पहिली चिप्सची. यॉर्कशरमधील कितीतरी दुकानांत मासे आणि बटाटे दोन्ही गाईच्या चरबीत तळतात आणि ही त्यांची अभिमानाची परंपरा आहे. नुसते चिप्स मागितले म्हणजे ते शाकाहारी झाले, असे होत नाही. ‘वनस्पती तेलात तळता का?’ एवढे स्पष्ट विचारावे, कोणी राग मानत नाही.

दुसरी गोष्ट खुद्द बिअरची. पिंपातली एल निवळण्यासाठी तिच्यात आयझिंग्लास घालण्याची जुनी रीत आहे आणि हा पदार्थ माशांच्या हवेच्या पिशवीपासून बनवतात. तो गाळासोबत तळाशी बसतो, पेल्यात सहसा उतरत नाही, पण आपल्या मनाला ते चालेल की नाही, हे आपणच ठरवायचे आहे. चालणार नसेल तर ‘व्हीगन’ (प्राणिजन्य काहीही न वापरलेली) अशी खूण असलेली बिअर मागावी. न निवळलेली, किंचित गढूळ एल आता पुष्कळ ठिकाणी मिळते आणि तिचा गढूळपणा म्हणजे ती खराब झाली, असे नव्हे. मुलीला हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे पबच्या काउंटरवर आपल्याला संकोच होणार नाही. पोटासाठी चीज-कांद्याचे सँडविच आणि लोणच्याची जोड असलेली चीजची थाळी पाहावी. रिकाम्या पोटी पहिला पेला घेऊ नये. आणि जावयांना परतीच्या गाडीची वेळ तिकीट काढतानाच पाहायला सांगावी. त्या मार्गावर दिवसभरात मोजक्याच गाड्या आहेत आणि मिडल्सब्रोपर्यंतचा प्रवास सुमारे दीड तासाचा आहे.

प्रश्न : आमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याला सोबत नेता येईल का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : नेता येईल. बहुतेक पब आईवडिलांबरोबर आलेल्या मुलांना आत घेतात, परंतु काही ठिकाणी संध्याकाळनंतर मनाई असते, तेव्हा दारावरची पाटी वाचावी. इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालील कोणालाही मद्य विकत घेता येत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने प्रौढाबरोबर टेबलावर जेवताना, प्रौढाने विकत घेतलेली बिअर, वाइन किंवा सायडर पिणे कायद्याला मान्य आहे, पण त्याला परवानगी द्यायची की नाही, हे त्या पबच्या हाती असते. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे, त्यामुळे आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना हा फरक आधी समजावून सांगावा.

प्रश्न : फेरी संपल्यावर रात्री बंदराच्या धक्क्यावर फिरायला जाणे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, लीड्स

उत्तर : नाही, आणि येथे मी सौम्य शब्द वापरणार नाही. धक्क्याच्या काही कडांना कठडा नाही, दगड शेवाळलेले असतात आणि वारा असला की लाटा वरून येतात. उत्तर समुद्राचे पाणी भर उन्हाळ्यातही पंधरा अंशांच्या आसपास असते. त्यात अचानक पडलेल्या माणसाला पहिल्याच मिनिटात धाप लागते, आणि मद्य घेतलेले असेल तर हातपाय आणखी लवकर शिथिल होतात. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी याच बंदरासमोर वादळात जीवरक्षक बोट उलटली आणि तेरापैकी बारा जण बुडाले. वाचलेल्या हेन्री फ्रीमन यांच्या अंगात नव्या धाटणीचे, पाण्यावर तरंगवणारे बुचाचे जाकीट होते. ते सगळे समुद्राचे मुरलेले लोक होते. कोणी पाण्यात पडलेच, तर मागोमाग उडी मारू नये, जवळचे तरंगणारे कडे फेकावे आणि ९९९ वर ‘कोस्टगार्ड’ मागावा.

धक्क्यावर जायचे तर पहिल्या पेल्याच्या आधी, वारा नसताना जावे. व्हिटबीचा किनारा उत्तराभिमुख असल्याने जूनच्या मध्यावर सूर्य समुद्रातून उगवतो आणि समुद्रातच मावळतो. तेव्हा सूर्यास्त रात्री साडेनवाच्या सुमारास होतो. तो पाहायचाच असेल, तर त्या दिवशी पबफेरी न करता ती दुसऱ्या दिवशी ठेवावी.