घरी नेट चालतं, कॉलेजात नाही

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरी सिस्टिम चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू लिनक्स टाकलंय. घरी नेट व्यवस्थित चालतं. कॉलेजच्या वायफायवर विंडोजमध्ये सगळं उघडतं, उबुंटूत मात्र काहीच नाही. उबुंटू नव्याने टाकूनही पाहिलं. नेटवर्कचे पत्ते दाखवणाऱ्या 'आयपी ए' कमांडचा स्क्रीनशॉट सोबत पाठवते आहे.

उत्तर : आता उबुंटू पुन्हा टाकू नका, ही कळकळीची विनंती. माझ्याकडे ठाण्यात शिकायला येणारी मुलंही नेट गेलं की आधी सिस्टिम पुसतात आणि त्यात केलेलं कामही घालवून बसतात. तुमचं उबुंटू धडधाकट आहे, नाहीतर घरीही चाललं नसतं.

स्क्रीनशॉट नीट बघा. 'ईएनपी०एस३' (उबुंटूचं नेटवर्क कार्ड) खाली 'आयनेट६ एफई८०' अशी ओळ आहे, पण नुसत्या 'आयनेट'ची ओळच नाही. म्हणजे उबुंटूला नेटवर्ककडून आयपी पत्ता (नेटवर्कवरची यंत्राची ओळख) मिळालेलाच नाही; 'एफई८०'चा पत्ता ते स्वतःच बनवतं. ब्राउझरशी झटापट करून काही होणार नाही.

व्हर्च्युअलबॉक्समधलं तुमचं नेटवर्क अडॅप्टर बहुधा 'ब्रिज्ड'वर आहे. त्यात उबुंटू वेगळं यंत्र म्हणून राउटरकडे पत्ता मागतं. घरचा राउटर देऊन टाकतो. कॉलेजांच्या वायफायवर सहसा लॉगिन किंवा नोंदणी लागते, शिवाय वायफायवर ब्रिज मुळातच बेभरवशाचा. तेव्हा व्हर्च्युअलबॉक्समधल्या उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडून 'अटॅच्ड टू'समोर 'नॅट' निवडा. सोसायटीच्या गेटवर पाहुण्याची नोंद यजमानाच्या फ्लॅटवर होते, तसं उबुंटू मग विंडोजच्या नावावर बाहेर पडेल. 'आयनेट १०.०.२.१५' दिसलं की पत्त्याचं काम झालं.

तरीही साइट उघडली नाही तर ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर) पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते कमांडने तपासा. उत्तर आलं, पण साइटच्या नावाने पिंग होत नसेल, तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. उबुंटूत घरच्या राउटरचा पत्ता डीएनएस म्हणून हाताने भरला असेल तर तो काढून 'ऑटोमॅटिक' करा. काही कॉलेजांत पिंगच बंद ठेवतात, म्हणून नुसतं उत्तर आलं नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

एक अडचण मात्र येईल. नॅटवर विंडोजमधून उबुंटूत थेट एसएसएच (दुसऱ्या यंत्रात कमांडने लॉगिन) होत नाही. त्यासाठी उबुंटूत ओपनएसएसएच सर्व्हर टाका आणि नॅटच्या 'पोर्ट फॉरवर्डिंग'मध्ये होस्ट (विंडोज) पोर्ट २२२२, गेस्ट (उबुंटू) पोर्ट २२ भरा. होस्ट आयपीचा रकाना रिकामा सोडू नका, तिथे १२७.०.०.१ (म्हणजे हाच लॅपटॉप) लिहा; नाहीतर कॉलेजच्या वायफायवरच्या कुणालाही ते पोर्ट उघडं मिळू शकतं. मग विंडोजमधून १२७.०.०.१ ला २२२२ पोर्टवर जोडा.