रिपब्लिकन उमेदवार चार्ल्स एव्हान्स ह्यूज अमेरिकेची १९१६ ची अध्यक्षीय निवडणूक नेमके कशामुळे हरले?

थोडक्यात सांगायचं तर कॅलिफोर्नियामुळे. डेमोक्रॅट अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना २७७ इलेक्टोरल मतं (राज्यवार ठरलेली प्रतिनिधींची मतं, ज्यांवर अध्यक्ष ठरतो) मिळाली, ह्यूज यांना २५४. कॅलिफोर्नियाची १३ मतं ह्यूज यांच्याकडे आली असती तर आकडा २६७ झाला असता आणि बहुमताला २६६ पुरेशी होती. ते राज्य गेलं जेमतेम ३,८०० मतांनी.

रिपब्लिकन पक्षातले जुने पुढारी आणि सुधारणावादी गट यांचं तिथे अजिबात पटत नव्हतं. ह्यूज यांचा दौरा जुन्या गटाच्या हाती राहिला. लाँग बीचला सुधारणावाद्यांचे नेते गव्हर्नर हायरम जॉन्सन त्याच हॉटेलात होते, तरी भेट झाली नाही. ह्यूज यांना ते कळलं निघून गेल्यावर. तेच जॉन्सन त्या निवडणुकीत मोठ्या मताधिक्याने सिनेटवर गेले!

पण या पराभवावरून ह्यूज यांना जोखू नये. १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या गॅस आणि विमा कंपन्यांची चौकशी करणारा हाच वकील. त्यातूनच गव्हर्नरपद मिळालं, मग १९१० मध्ये सुप्रीम कोर्ट. उमेदवारीसाठी न्यायमूर्तिपद सोडलेल्या ह्यूज यांना १९३० मध्ये त्याच कोर्टाचं सरन्यायाधीशपद मिळालं.