ग्रेनला दोष समजू नकोस

फिल्मवर चित्रित झालेल्या सिनेमात बारीक रवाळपणा, म्हणजे ग्रेन, दिसणारच, तो फिल्मचाच पोत आहे. खरी वाट लागते ती तो पुसल्यावर. 1987 च्या ‘प्रिडेटर’ची 2010 ची ब्लू-रे बघ. डिजिटल नॉइज रिडक्शन (रवाळपणा पुसणारी प्रक्रिया) इतकं मारलंय की घामेजलेले चेहरेही मेणाचे वाटतात. त्वचेची छिद्रं, सुरकुत्या पार गुळगुळीत. आधीची 2008 ची डिस्क रवाळ आहे, तरी मला तीच पटते.

माणसाच्या कडेने पांढरी रेघ दिसली तर शार्पनिंग (कडा ठळक करणं) जास्त झालंय. अंधारात चौकोनी ठोकळे दिसले तर कॉम्प्रेशनचा (फाइल दाबून लहान करण्याचा) घोळ. मात्र डिस्कला नावं ठेवण्याआधी टीव्हीचं नॉइज रिडक्शन बंद कर आणि शार्पनेस उतरव. कडा चित्र थांबवून तपास, ग्रेन चालत्या चित्रातच जोख.