७ नोव्हेंबरला एवढे सगळे कसे? दिनविशेष लिहिणाऱ्यासाठी थोडं सविस्तर

तुम्ही रोजचा दिनविशेष लिहायला घेतलाय आणि ७ नोव्हेंबरची यादी करताना तीन ठिकाणी अडलात. मेरी क्युरी, लिझ माइटनर आणि सी. व्ही. रामन, तिघंही भौतिकशास्त्रातले आणि तिघांची तारीख एकच, हा निव्वळ योगायोग मानायचा का? माइटनरची तारीख काही ठिकाणी ७, काही ठिकाणी १७ का दिसते? आणि 'ऑक्टोबर क्रांती' नोव्हेंबरात कशी काय? बरीच वर्षं मी हेच काम करतोय. प्रत्येक तारखेला एक पान अशी वही आहे माझ्याकडे, आणि ७ नोव्हेंबरच्या पानावर सगळ्यात जास्त खाडाखोड आहे.

क्रांतीपासून सुरू करतो. रशियात तेव्हा जुनी, म्हणजे ज्युलियन दिनदर्शिका चालू होती. तिथे तो दिवस २५ ऑक्टोबर १९१७. युरोपात बहुतेक ठिकाणी ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ती, होती, तिच्यात ७ नोव्हेंबर. रशियाने नवी दिनदर्शिका घेतली १९१८ मध्ये: ३१ जानेवारीनंतरचा दिवस थेट १४ फेब्रुवारी. नाव जुन्या दिनदर्शिकेचं राहिलं, साजरा करायची तारीख नवी झाली. इथवर सोपं आहे.

आता तुमच्याच यादीतला ट्रॉट्स्की घ्या, त्या क्रांतीचा एक नेता. जन्म ७ नोव्हेंबर १८७९. त्यापुढे अनेकजण हौसेने लिहितात की क्रांती त्याच्या वाढदिवशीच झाली. कागद घेऊन हिशोब करा. दोन्ही दिनदर्शिकांमधला फरक एकोणिसाव्या शतकात १२ दिवसांचा होता. १९०० हे साल ज्युलियनमध्ये लीप वर्ष, ग्रेगोरियनमध्ये नाही, त्यामुळे विसाव्या शतकात तो १३ झाला. ट्रॉट्स्कीची जुनी जन्मतारीख येते २६ ऑक्टोबर, क्रांतीची २५. म्हणजे पेट्रोग्राडमधल्या, रशियाच्या तेव्हाच्या राजधानीतल्या, भिंतीवर त्या दिवशी जी दिनदर्शिका लटकत होती तिच्यानुसार वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता! त्यातही एक बारकावा आहे. हंगामी सरकारच्या मंत्र्यांना हिवाळी राजवाड्यात अटक झाली ती मध्यरात्र उलटून गेल्यावर, म्हणजे २६ तारीख लागल्यावर. तेव्हा 'वाढदिवशी क्रांती' हे वाक्य खरं की खोटं, हे कोणती दिनदर्शिका आणि कोणता क्षण धरता यावर ठरतं. मी ते लिहीत नाही. दोन ओळींत दोन्ही तारखा देतो.

याच सापळ्यात मी स्वतः अडकलोय. पहिल्याच वर्षी २३ एप्रिलला शेक्सपिअर आणि सर्व्हान्टेस 'एकाच दिवशी' गेले असं लिहिलं. एका वाचकाने शांतपणे समजावून सांगितलं की १६१६ मध्ये इंग्लंड ज्युलियनवर होतं आणि स्पेन ग्रेगोरियनवर, त्यामुळे शेक्सपिअरचा मृत्यू दहा दिवस नंतरचा. शिवाय सर्व्हान्टेस गेला २२ ला, २३ ही दफनाची तारीख. तेव्हापासून १५८२ नंतरची, म्हणजे ग्रेगोरियन सुरू झाल्यानंतरची, कुठलीही जुनी नोंद घेताना पहिला प्रश्न विचारतो: तो देश तेव्हा कोणत्या दिनदर्शिकेवर होता? ब्रिटनने बदल केला १७५२ मध्ये, २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर धरून. गॅलिलिओ गेला त्याच साली, १६४२ मध्ये, न्यूटन जन्मला हे वाक्यही याच घोटाळ्यातून आलंय. न्यूटनचा २५ डिसेंबर १६४२ नव्या हिशोबाने ४ जानेवारी १६४३ होतो, आणि गॅलिलिओची ८ जानेवारी १६४२ मात्र आधीपासूनच नव्या हिशोबातली.

आपल्याकडच्या नोंदींतही हे येतं. शिवराज्याभिषेकाची मूळ नोंद ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ६ जून १६७४ ही तिची ज्युलियन तारीख, ग्रेगोरियन धरली तर १६ जून. म्हणून ६ जूनच्या पानावर राज्याभिषेक आणि १९४४ ची नॉर्मंडीतली चढाई शेजारी शेजारी लिहिताना दोन वेगळ्या मोजपट्ट्या वापरतोय याचं भान ठेवा. तिथी आणि शक मिळत असेल तर ते आधी लिहा आणि इंग्रजी तारीख नंतर. तिथी त्या काळच्या माणसांनी लिहिलेली असते, रूपांतर आपण केलेलं असतं.

माइटनरचा प्रश्न वेगळा आहे, तिथे दिनदर्शिकेचा काही संबंध नाही. व्हिएन्नातल्या ज्यू समाजाच्या जन्मनोंदवहीत १७ नोव्हेंबर १८७८ आहे, बाकी कागदपत्रांत ७, आणि ती स्वतः ७ च मानत असे. मी ७ लिहितो आणि कंसात नोंदवहीचा उल्लेख करतो. वाद आहे हे वाचकाला कळलंच पाहिजे. केशवसुतांच्या जन्मतारखेबद्दलही असाच मतभेद आहे. त्यांचं निधन मात्र ७ नोव्हेंबर १९०५, हुबळीला, प्लेगने. ते तुमच्या यादीत नाहीत, जरूर घ्या.

आता योगायोगाचं. क्युरी (१८६७), रामन (१८८८), कोनराड लॉरेन्झ (१९०३), आल्बेर काम्यू (१९१३), एरिक कँडेल (१९२९). एका तारखेला निदान पाच नोबेलविजेते. ऐकायला थक्क करणारं आहे, पण नोबेल मिळालेली माणसं एव्हाना हजाराच्या आसपास आहेत. ३६६ तारखांत वाटली तर सरासरी पावणेतीन पडतात, आणि वाटप नुसतं नशिबावर सोडलं तरी पन्नासेक तारखांना पाच किंवा जास्त जण येतात. दहा हजार नावांचा चरित्रकोश उघडा, दर तारखेला सत्तावीस जण निघतील. त्यातून एकाच क्षेत्रातले तिघं शोधणं अवघड नाही, कारण आपण क्षेत्र आधी ठरवलेलं नसतं, सापडल्यावर ठरवतो. म्हणून 'या तारखेत काहीतरी आहे' असा सूर लावू नका. शेजारी शेजारी नावं द्या, तेवढं पुरतं.

पण याच पानावर एक नोंद अशी आहे जिच्या तारखेला कारण आहे, आणि ती माझी सगळ्यात आवडती. ७ नोव्हेंबर १६३१, पॅरिस. पिएर गॅसेंडीने अंधाऱ्या खोलीत सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडली होती. त्यावर एक बारीक काळा ठिपका दिसला, इतका बारीक की आधी त्याला तो सौरडागच वाटला. मग ठिपका भराभर सरकायला लागला. तो बुध होता, सूर्यबिंबावरून जाणारा. बुधाचं अधिक्रमण माणसाने पहिल्यांदा पाहिलं ते हे. भाकीत केप्लरचं, पण तो आदल्याच वर्षी नोव्हेंबरात वारला होता. बुधाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला जिथे छेदते, त्या रेषेवर पृथ्वी मे आणि नोव्हेंबरातच येते, म्हणून ही अधिक्रमणं त्याच दोन महिन्यांत होतात. २००६ चं ८ नोव्हेंबरला झालं, २०१९ चं ११ ला. बाकी नोंदी त्या दिवशी घडल्या म्हणून तिथे आहेत, ही मात्र आकाशाने ठरवलेली आहे.

माणसांनी मुद्दाम ठरवलेल्या तारखाही ओळखून वेगळ्या करा. राज्यघटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला, पूर्णपणे लागू केली २६ जानेवारी १९५० ला, कारण १९३० साली त्याच तारखेला पूर्ण स्वराज्याचा दिवस पाळला होता. ७ नोव्हेंबरचा राष्ट्रीय कर्करोग जागरूकता दिनही क्युरीच्या जन्मतारखेवरून घेतलेला आहे. तिच्या नावाखालीच लिहा, वेगळी घटना म्हणून नको.

तारखेबरोबर सालही जुळतं तेव्हा मात्र मी थांबतो. १ ऑगस्ट १९२०: मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत लोकमान्य टिळक गेले, त्याच दिवशी असहकार चळवळ सुरू झाली, आणि वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. चळवळीची तारीख गांधींनी आधीच जाहीर केली होती, त्यामुळे तिथेही कार्यकारण जोडू नका. पण ती सकाळ एकच होती, आणि वाचकाला ती एकत्र दिसायला हवी. नुसती तारीख जुळणं आणि दिवस जुळणं यातला फरक तुमच्या मांडणीतून कळू द्या.

वेळेच्या पट्ट्यांचंही थोडं बघा. आर्मस्ट्राँगचं पाऊल चंद्रावर पडलं तेव्हा अमेरिकेत २० जुलै १९६९ ची रात्र होती, भारतात २१ ची सकाळ.

तुमच्या यादीबद्दल शेवटचं. बहादूरशहा जफर (निधन रंगून, १८६२) आणि बिपिनचंद्र पाल (जन्म १८५८) बरोबर आहेत. 'वंदे मातरम्' १८७५ च्या अक्षय नवमीला लिहिलं गेलं असं मानतात, ती तिथी ७ नोव्हेंबरला येते. 'मानतात' हा शब्द ठेवा. आणि ७ नोव्हेंबर १९०० घ्यायला विसरलात: साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा, नोंद क्रमांक १९१४. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. पानावर बाबासाहेबांची ही नोंद सगळ्यात वर घ्या, आणि खाली गॅसेंडीला जागा ठेवा.